दोन वाजता पडणारं शटर



मागच्या आठवड्यात एका ताईंनी इथं लिहिलं होतं, की लहानपणी वडिलांचं बोट धरून कोठीच्या बँकेत गेले, दोन वाजायला एक मिनिट कमी होतं आणि वॉचमननं डोळ्यांदेखत शटर ओढलं. खाली कॉमेंटचा पाऊस. "सरकारचे जावई", "चार तासांची नोकरी, मजा होती तुमची". वाचून मीही हसलो. पण अडतीस वर्षं मी त्या शटरच्या आतल्या बाजूला होतो. तेव्हा आत काय चालायचं हे सांगावंसं वाटलं, आणि हल्ली ऑफिसांतून 'वेलनेस' म्हणून जे चाललंय त्याबद्दलही थोडं बोलायचं आहे. पोस्ट लांबली आहे. फुरसतीत वाचा.

नवीन सभासदांसाठी थोडी ओळख. मूळ गाव परभणी जिल्ह्यात. कॉलेजसाठी हैदराबादला आलो, काचीगुड्याच्या बद्रुकातून बी.कॉम. झालो आणि १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो. जुलै १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, शाखा भराभर उघडत होत्या, कॉमर्सच्या पोरांना बरे दिवस होते. २०११ ला ऑफिसर म्हणून रिटायर झालो. घर पहिल्यापासून नल्लकुंट्यातच, आधी शंकरमठाजवळ भाड्याच्या दोन खोल्या, मग स्वतःचं. बँकेचं आणि शाखांचं नाव मुद्दाम घेत नाही. त्या माणसांची मुलंबाळं याच गावात राहतात.

तर दोन वाजता.

गिऱ्हाइकांसाठी वेळ दहा ते दोन, शनिवारी दहा ते बारा. आमची ड्यूटी साडेसहा तासांची, शनिवारी चार. शटर पडलं म्हणजे काम संपलं असं नव्हे, खरं काम तिथून सुरू. दिवसभराची व्हाउचरं लावायची, डे-बुक लिहायचं, कॅश मोजून टॅली करायची, लेजरमधल्या नोंदी तपासायच्या. पण त्या आधी अर्धा तास जेवण. हा अर्धा तास कुणाच्या मेहेरबानीनं मिळालेला नव्हता. युनियन, ट्रायब्युनल, अवॉर्ड असं सगळं होऊन तो कागदावर आलेला होता, आणि कागदावर होता म्हणून पाळला जायचा.

आमचे पहिले मॅनेजर साहेब गुंटूरकडचे. धोतर नाही, पण बाकी सगळं जुन्या वळणाचं. दोन वाजून पाच मिनिटांनी ते स्वतः केबिनमधून उठायचे आणि हॉलमधले पंखे बंद करत करत मागे जायचे. एप्रिल-मे महिन्यात हैदराबादेत पंखा बंद झाल्यावर खुर्चीवर कोण बसेल? "पदंडि, पदंडि," म्हणजे चला, चला. एखादा क्लार्क "साब, बस पाँच मिनट" म्हणाला तर म्हणायचे, "लेजर कहीं भागता नहीं बाबू. दही खट्टा हो जाता."

मागे एक लांबट खोली होती, स्टेशनरीच्या कपाटांची. तिथं टेबलं जोडून सगळे एकत्र बसायचो. मॅनेजर, दफ्तरी, हेडकॅशियर, सगळे. हे आज साधं वाटेल, पण १९७३ साली दफ्तरी आणि मॅनेजर एका टेबलावर जेवताहेत हे फार ठिकाणी दिसत नसे. माझ्या डब्यात पोळी आणि भाजी. कुणाचं पप्पू आणि गोंगूरा, कुणाचा नुसता दहीभात आणि आवकाया, आमच्या कॅशमधल्या खानसाहेबांच्या डब्यात खिचडी आणि खट्टा. गोंगूऱ्याची चव मला तिथंच लागली, आणि तेलुगूही मी त्याच टेबलावर शिकलो. एकच नियम होता, जेवताना व्हाउचरचं नाव काढायचं नाही.

आता यात 'आरोग्य' काय आलं? तेच सांगतो, पण त्यासाठी डिफरन्स म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. बँकवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

हातानं लिहिलेल्या लेजरांच्या काळात दर महिन्याला सेव्हिंग्ज लेजर बॅलन्स करायचं. म्हणजे शेकडो खात्यांच्या शिलका एका लांब यादीवर उतरवायच्या, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी जुळते का बघायची. पहिल्या फटक्यात ती जुळत नाही. मग फरक शोधणं आलं. फरकाला नवानं भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले आहेत, ४५० चे ५४०. फरक निम्मा करून ती रक्कम व्हाउचरांत सापडली तर जमेची नोंद नावे पडलीय. या खुणा सगळ्यांना पाठ. तरी एकेक फरक आठ-आठ दिवस छळायचा.

साहेबांचा याबाबत एक कायदा होता. कॅश आणि डे-बुक त्याच दिवशी टॅली झालंच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण लेजरचा फरक संध्याकाळी अर्ध्या तासात सापडला नाही तर यादी मिटवायची आणि घरी जायचं. सुरुवातीला आम्हा नव्या पोरांना हे ढिलेपणाचं वाटायचं. एकदा त्यांनी ड्रॉवरमधून एक शंभरपानी वही काढून दाखवली. त्यात त्यांनी त्यांच्या दोन-तीन शाखांमधले फरक लिहून ठेवले होते, किती रुपयांचा, कुणाला सापडला, आणि किती वाजता. वेळेच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा. संध्याकाळी सहानंतर सापडलेले हातावर मोजण्याइतके. आणि एक वेगळा रकाना होता, संध्याकाळी शोधताना नव्यानं झालेल्या चुकांचा. तो बराच भरलेला होता. थकलेला माणूस फरक शोधायला बसतो आणि दुरुस्ती म्हणून एक नवा फरक घालून ठेवतो, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वहीत दिसलं म्हणून पंखे बंद करायला लागले.

आरामखुर्चीची नोकरी म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगतो. आम्ही बसून फार कमी असायचो. एकेक लेजर चार-पाच किलोचं. काउंटरवरून लेजर उचलून पासिंग ऑफिसरकडे, तिथून परत, टोकन द्यायला, सही पडताळायला स्पेसिमन कार्डांच्या ड्रॉवरकडे, संध्याकाळी सगळी लेजरं स्ट्राँगरूममध्ये. दफ्तरी होता, पण त्याची वाट कोण बघणार. शिवाय घर ते बँक सायकल. नल्लकुंटा, बरकतपुरा, काचीगुडा चौरस्ता, बडी चावडी, कोठी. वीस-पंचवीस मिनिटं.

पुढे कधीतरी जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. लंडनच्या डबलडेकर बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यांनी तपासले आणि १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं. एकाच बसवर, एकाच कंपनीत, सारख्याच वस्तीतून आलेली माणसं, पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. वाचल्यावर मला आपल्या हैदराबादच्या डबलडेकर आठवल्या, आणि तो पंजा टेकवत वर येणारा, "टिकट, टिकट" ओरडणारा कंडक्टरही. आमची लेजरं म्हणजे आमचा जिना होता म्हणायचं.

पण जुनं ते सगळं सोनं, असं सांगायला मी बसलेलो नाही. बँकिंग हॉलमध्ये सर्रास सिगरेट ओढली जायची. तीन वाजता मिरची भजी. चहात साखर इतकी की चमचा उभा राहील. आणि एक गोष्ट तर आता लिहितानाही वाईट वाटतं. आमच्या शाखेत दोघी जणी क्लार्क होत्या आणि बायकांसाठी वेगळं टॉयलेट नव्हतं. एकच होतं, मागच्या बोळात, पुरुषांचं. त्या दोघी सकाळी घरून निघताना चहा टाळायच्या आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. हैदराबादच्या उन्हाळ्यात! दुपारनंतर एकीचं डोकं रोज दुखायचं आणि आम्ही पुरुषमंडळी समजायचो की हिची तब्येतच नाजूक. साहेबांच्या बायकोनं एकदा शाखेत आली असताना हे ओळखलं. साहेबांनी दोन महिने वरच्या ऑफिसला पत्रं लिहून जिन्याखाली एक पार्टिशन टाकून घेतलं. ती डोकेदुखी महिन्याभरात गेली. माझ्या मते अडतीस वर्षांत मी पाहिलेला सगळ्यात मोठा 'वेलनेस प्रोग्राम' तो होता. खर्च एक दरवाजा आणि एक नळ.

दुसरा म्हणजे पाण्याचा फिल्टर. नल्लकुंट्यातली मंडळी कोरंटी दवाखान्याशी परिचित असतीलच. कागदोपत्री सर रोनाल्ड रॉस यांचं नाव, लोकांच्या तोंडी फीव्हर हॉस्पिटल, आणि जुन्या माणसांच्या तोंडी क्वारंटाइनचं कोरंटी. (याच रॉसनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला.) पावसाळा लागला की शाखेतलं कुणी ना कुणी जुलाब-उलट्यांनी तिथं भरती व्हायचं, आणि माझं घर जवळ म्हणून डबा पोचवायचं काम माझ्याकडे. एका पावसाळ्यात एकापाठोपाठ चौघे. त्यानंतर साहेबांनी माठ काढून टाकला आणि कँडलचा स्टीलचा फिल्टर आणला. दर शनिवारी कँडल घासून धुणं हे दफ्तरीचं काम, आणि धुतली की नाही हे बघणं साहेबांचं. पुढच्या वर्षी मला डबे पोचवावे लागले नाहीत.

वर्षातून दोनदा मात्र हे सगळे नियम गुंडाळून ठेवावे लागत. तीस जून आणि एकतीस डिसेंबर, हाफ-इयरली क्लोजिंग. दर खात्यात महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक शोधायची, तिच्यावर व्याज काढायचं, हजारो खाती, सगळं हातानं. रात्री बारा-एक वाजायचे. बँकेतर्फे जेवण, रात्री इराण्याकडून किटलीभर चहा. ती जत्राच असायची आणि आम्हाला आवडायची, हेही खरं. पण जत्रा वर्षातून दोनदा असते. १९८९ पासून हिशेबाचं वर्ष मार्चअखेर झालं. पुढे रोजच मार्च असल्यासारखं झालं, ते वेगळं.

ते कसं झालं ते थोडक्यात. नव्वदच्या दशकात लेजर पोस्टिंगची मशीनं आली, मग पूर्ण कॉम्प्युटर. मी कॉम्प्युटरच्या विरोधात कधीच नव्हतो. व्याज काढण्याच्या त्या रात्री गेल्या, डिफरन्स गेले, कोण रडणार त्यांच्यासाठी? पण लेजराबरोबर उठणंही गेलं. सही स्क्रीनवर, शिल्लक स्क्रीनवर, पासिंग स्क्रीनवर. माणूस खुर्चीला खिळला. मग २०००-०१ मध्ये व्हीआरएस आली. सरकारी बँकांतून देशभरात एक लाखाच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा सिकंदराबादकडच्या एका शाखेत होतो, तिथून एकोणीसपैकी पाच गेले. काम एकोणिसांचंच राहिलं. गिऱ्हाइकांच्या वेळा वाढल्या, टार्गेटं आली, विमा विका, म्युच्युअल फंड विका. दोन वाजताचं शटर गेलं आणि त्याबरोबर जेवणाची खोलीही. नियमात अर्धा तास होता, पण मागच्या खोलीत सर्व्हर बसवला होता. जो तो काउंटरवरच, माऊस एका हातात आणि चमचा दुसऱ्या हातात.

या शाखेत आमचे एक कॅश ऑफिसर होते, वरंगलकडचे. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. आवाज सुरेख, घंटसालांची गाणी म्हणायचे. आधीच्या शाखेत जेवण झाल्यावर लोक त्यांना आग्रह करायचे असं ते सांगत. आमच्याकडे त्यांना कुणी आग्रह केला नाही, कारण ते जेवायलाच उठत नसत. डबा ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर उघडायचा, दहीभाताचे दोन चमचे, ड्रॉवर बंद. समोर रांग. मी दोन-तीनदा म्हटलं, "गारू, दहा मिनिटं माझ्याकडे द्या, जेवून या." म्हणायचे, "मार्च होऊ द्या." मार्च झाला की जून म्हणायचे. संध्याकाळी आठ-साडेआठच्या आधी त्यांना निघताना मी पाहिलं नाही.

२००४ च्या मार्चअखेरीला, क्लोजिंगच्या दोन दिवस आधी, दुपारपासून त्यांच्या छातीत जळजळत होतं. ॲसिडिटी म्हणून जेलुसिल घेतलं. बँकेतून कुणीतरी डॉक्टरकडे नेतो म्हणालं, तर कॅश बंद केल्याशिवाय किल्ली कुणाला देणार? किल्ल्या दोघांकडे असतात, बँकवाल्यांना माहीत आहे. साडेआठला कॅश बंद केली, एका पैशाचाही फरक नाही. घरी गेले. रात्री अडीच वाजता गेले. वय एक्कावन्न.

कामानं मारलं का? मी अकाउंटंट माणूस, एका बाजूची नोंद करून मोकळा होणार नाही. त्यांना शुगर होती, सिगरेट होती, वडीलही लवकर गेले होते. पण २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं मिळून जो अभ्यास छापला, त्यात आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्के जास्त आढळला आहे. आमच्या या मित्राचे आठवड्याचे तास मी मनातल्या मनात मोजून पाहिले. साठाच्या खाली आले नाहीत.

त्यांचे पैसे काढून देण्याचं काम माझ्याकडे आलं. रजेचं रजिस्टर उघडलं. प्रिव्हिलेज रजा दर अकरा दिवसांच्या कामाला एक, म्हणजे वर्षाला साधारण तेहतीस. तेव्हा जास्तीत जास्त २४० साठत, वरच्या बुडत. त्यांच्या खात्यावर २४० गेली सहा वर्षं जशीच्या तशी. म्हणजे सहा वर्षांत जवळजवळ दोनशे दिवस हा माणूस पाण्यात सोडून बसला होता, आणि दर वर्षी रजिस्टरला कुणीतरी सही करत होतं. त्या सह्या करणाऱ्या कुणालाही तो आकडा टोचला नाही. तेच कॅशमध्ये दोन रुपये कमी असते तर रात्रभर बसलो असतो.

त्यांच्या पत्नी सही करायला आल्या. व्हाउचरवर लिहिलं होतं, रजेचा पगार, २४० दिवस. रेव्हेन्यू स्टँपवर सही करता करता थांबल्या आणि विचारलं, "इन्नि रोजुलु उन्नाया?" एवढे दिवस होते? मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि गेल्या.

त्यानंतर मी जिथं जिथं सेकंड इन चार्ज होतो तिथं पगाराच्या रजिस्टरआधी रजेचं रजिस्टर बघायचो. शाखेची तब्येत त्यात कळते. कोणी सहा महिन्यांत एकही सुट्टी घेतली नाही, कोण दर सोमवारी सिक आहे, कुणाच्या दोन-दोन दिवसांच्या तुकड्या पडताहेत.

पुढच्याच शाखेत एक मॅडम मॅनेजर होत्या, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. शटर तर आता पाडता येत नव्हतं, म्हणून त्यांनी जेवणाच्या दोन पाळ्या केल्या, दीड आणि दोन. काउंटरवर डबा उघडायचा नाही. साडेसहाला हॉलचे दिवे बंद, मार्च सोडून. सुरुवातीला लोक कुरकुरले, मुख्यतः जे सगळ्यात थकलेले होते तेच. तोपर्यंत कोअर बँकिंग आलं होतं आणि आदल्या दिवशीच्या उलटवलेल्या नोंदींची यादी रोज सकाळी माझ्यापुढे यायची. रिव्हर्सल, म्हणजे चूक झाली म्हणून पुसलेली नोंद. प्रत्येकीसमोर वेळ छापलेली. गुंटूरच्या साहेबांची वहीच जणू मशीननं लिहून दिली होती. बहुतेक चुका शेवटच्या दीड-दोन तासांतल्या. दोन पाळ्या सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांत ती यादी दीड पानावरून अर्ध्या पानावर आली. त्याच काळात आम्हाला दोन नवीन पोरंही मिळाली होती, त्यांचाही वाटा असेल. पण काम कमी झालं नाही, गिऱ्हाईकही कमी झालं नाही, आणि लोक साडेसहाला घरी जायला लागले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

गंमत म्हणजे रजेबाबत आता रिझर्व्ह बँकेनंच कायदा केलाय. जुलै २०२१ च्या सर्क्युलरप्रमाणे संवेदनशील जागांवरच्या माणसांना वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस सक्तीनं रजेवर पाठवायचं, आधी न सांगता. हेतू आरोग्याचा नाही, अफरातफर पकडण्याचा. माणूस खुर्चीवरून हलला की त्यानं लपवलेलं वर येतं, हा जुना अनुभव. आमच्याच अपार्टमेंटमधला एक तरुण ऑफिसर अशा रजेवर होता. ऑफिसचा मेल बंद, लॉगिन बंद. विचारलं काय केलंस, तर म्हणाला, "काका, पहिले तीन दिवस नुसता झोपलो. चौथ्या दिवशी मुलीला शाळेत सोडायला गेलो, तर तिथल्या वॉचमननं मला ओळखलंच नाही." चोर पकडायच्या नियमानं का होईना, झोपला बिचारा.

आता आजचं. माझी सून गच्चीबावलीच्या एका कंपनीत आहे. सकाळी नारायणगुड्याहून मेट्रो धरते, मध्ये बदलून रायदुर्ग, तिथून पुढे कॅब. कंपनी चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. फळं फुकट, जिम फुकट, मन मोकळं करायला हेल्पलाइन, आणि मोबाइलवर एक ॲप. रोज दहा हजार पावलं झाली की नाणी मिळतात, नाण्यांवर कूपन. तिच्या टीममधल्या एकानं फोन मुलाच्या पाळण्याला बांधून पहिला नंबर काढला. (दहा हजार हा आकडासुद्धा मुळात एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राचं नाव आहे, १९६५ सालचं. डॉक्टरांनी ठरवलेला नव्हे.) मागच्या महिन्यात त्यांना 'कामातली ऊर्जा कशी टिकवावी' यावर ऑनलाइन व्याख्यान होतं. वेळ दुपारी एक ते दोन. जेवणाची.

असल्या कार्यक्रमांची अमेरिकेत नीट परीक्षा झाली आहे. बीजेज होलसेल क्लब म्हणून घाऊक दुकानांची साखळी आहे, तिथल्या जवळपास तेहतीस हजार कामगारांवर. कुठल्या दुकानात कार्यक्रम राबवायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, बाकीची दुकानं तशीच ठेवली. दीड वर्षानं पाहिलं. निकाल २०१९ मध्ये छापला. कार्यक्रमातली माणसं म्हणाली, आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. पण वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, कामगिरी, यात म्हणावा असा फरक पडला नव्हता. मला आश्चर्य वाटलं नाही. माणसाला केळं द्यायचं आणि जेवायला उठू द्यायचं नाही, मग ताळेबंद जुळणार कसा? आणि २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. मोठा माणूस आहे, मोठी कंपनी उभी केली, आदर आहे. पण सत्तर तासांतल्या शेवटच्या वीस तासांची रिव्हर्सलची यादी कुणी त्यांच्यापुढे ठेवली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं मी एका रविवारी सुनेला ऐकवलं. ती हसली, म्हणाली, "बाबा, आमच्याकडे पंखेच नाहीत बंद करायला." पण पोरगी हुशार. सोमवारी तिनं टीमच्या कॅलेंडरवर सव्वा ते पावणेदोन असा अर्धा तास अडवून ठेवला, मीटिंगसारखा. मीटिंग म्हटलं की हल्ली कुणी मध्ये येत नाही म्हणे. विषय लिहिला, 'डेली रिव्ह्यू'. अकरा जण, लॅपटॉप जागेवर ठेवून कँटीनच्या एका टेबलावर. तिसऱ्या आठवड्यात तिच्या बॉसनं विचारलं, हा कसला रिव्ह्यू, मला का बोलवत नाही? आता तोही येतो, डबा घेऊन. नेल्लोरचा आहे.

तेव्हापासून घरात एक नवीन काम वाढलंय. टीमला पोळी-भाजी आवडायला लागली आहे, त्यामुळे हिच्या पोळ्या चारावरून दहावर गेल्या. परवा सून फोनवर आईंना विचारत होती, भरल्या वांग्याचा मसाला अकरा जणांना किती लागेल. आणि मला नल्लकुंट्याच्या मार्केटातून काटेरी छोटी वांगी आणायला पिटाळलं. दीड किलो सांगितली होती. बॉस दोनदा घेतो म्हणून दोन आणली.